पाणंद
सोलापूर जिल्ह्यातील केम हे गाव कुंकवासाठी प्रसिद्ध आहे. या भागात शेतांमधून जाणाऱ्या गाडीवाटेला पाणंद म्हणतात. तेथे मोटारींची वर्दळ नसल्यामुळे सायकलस्वार पाखरांचे आवाज ऐकत निर्धास्त जाऊ शकतो. पावसाळ्यात मात्र काळी चिकणमाती चाकांना घट्ट बसते; म्हणून हिवाळ्यातील फेरफटका उत्तम. बाभळीच्या काट्यापासून तेवढे जपावे लागते.

ही वाट कोणा एकाची नव्हे. गावनकाशावर ती दोन तुटक रेषांनी दाखवितात. तथापि दोन्ही बाजूंनी नांगर थोडाथोडा आत सरकतो आणि वाट अखेर बुजते. १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमान्वये वहिवाटीतील अडथळा तहसीलदार दूर करवू शकतो. परंतु शेजाऱ्याने बांध न कोरणे, हेच पाणंदीचे खरे रक्षण होय.