ब्रेक दाबा आणि दाबूनच ठेवा

‘माझ्या गाडीला एबीएस आहे, ती जागच्या जागी थांबते.’ नवी मोटारसायकल घेतलेल्या मुलांच्या तोंडी हे वाक्य इतक्या विश्वासाने येतं की सुरुवात तिथूनच करायला हवी. गाडी कमी अंतरात थांबवणं हे एबीएसचं मुख्य काम नाही. ब्रेक करकचून दाबला तरी चाक जाम होऊ न देणं, हे त्याचं काम आहे.

चाक जाम झालं तर दोन गोष्टी बिघडतात. भरलेलं कपाट सरकवताना ते जागचं हलेपर्यंत जोर लावावा लागतो. एकदा घसरू लागलं की कमी जोरात पुढे जातं. टायरचंही तसंच आहे. फिरतं चाक रस्त्याला धरून असतं, जाम झालेलं चाक नुसतं घसरतं. दुसरी गोष्ट जास्त घातक. घसरणाऱ्या टायरमध्ये गाडी वळवण्याची ताकद उरत नाही. कारचं स्टिअरिंग पूर्ण फिरवलं तरी ती सरळच जात राहते. दुचाकीचं पुढचं चाक जाम झालं, तर तोल सावरायला वेळच मिळत नाही.

एबीएसमध्ये चाकाजवळ दातेरी कडं आणि सेन्सर असतो. चाकाचा वेग एकदम पडू लागला, की चाक आता जाम होणार हे संगणकाला कळतं. तो त्या चाकाच्या ब्रेकमधला ऑइलचा दाब क्षणभर सोडतो, चाक फिरू लागलं की पुन्हा वाढवतो. हे सेकंदाला दहा-पंधरा वेळाही होऊ शकतं. बॉश कंपनीची ही इलेक्ट्रॉनिक यंत्रणा १९७८मध्ये मर्सिडीजच्या एस-क्लास कारमध्ये आली. १९८८मध्ये बीएमडब्ल्यूच्या के१०० मोटारसायकलवरही एबीएस आलं. भारतात १ एप्रिल २०१९पासून १२५ सीसीवरच्या सगळ्या नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचं झालं.

जुन्या पिढीतल्या ड्रायव्हरांनी आपल्याला ‘ब्रेक मारत-सोडत राहायचं’ असं शिकवलं. त्यांच्या गाड्यांसाठी ते योग्यच होतं. एबीएसच्या गाडीत मात्र हीच सवय घात करते, कारण पाय उचलला की ब्रेकचा दाब जातो आणि थांबण्याचं अंतर वाढतं. दाब कमी-जास्त करण्याचं काम यंत्रणा तुमच्या पायापेक्षा कितीतरी वेगाने करते आहे. तुम्ही जोरात दाबायचं, दाबूनच ठेवायचं आणि नजर अडथळ्यावर न ठेवता मोकळ्या वाटेवर ठेवून तिकडे वळायचं.

नेमकी इथेच खूप माणसं गडबडतात. एबीएस चालू झालं की पॅडल पायाखाली थडथडतं आणि खालून घरघर येते. दुचाकीवर ब्रेकची दांडी बोटांना धक्के देते. आयुष्यात हे पहिल्यांदाच, तेही ऐन संकटात अनुभवलं, तर ‘काहीतरी तुटलं’ असं वाटून पाय आपोआप उचलला जातो. ती थडथड म्हणजे बिघाड नव्हे, यंत्रणा काम करते आहे याची खूण आहे.

अंतराचा हिशेब तेवढाच महत्त्वाचा आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाला गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते. समोर काही दिसून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद गेला, तर ते १७ मीटर गेलेच. तिथे एबीएस काहीही करू शकत नाही. त्यापुढे कोरड्या डांबरावर साधारण २० मीटर, ओल्यावर ३५च्या आसपास किंवा जास्तही लागतात. वेग दुप्पट झाला तर ब्रेक लागल्यानंतरचं अंतर चौपट होतं. सुट्या खडीवर, वाळूवर तर एबीएसची गाडी जाम चाकाच्या गाडीपेक्षा उशिरा थांबू शकते, कारण जाम चाक स्वतःपुढे खडीचा ढीग करतं आणि त्यात रुततं. कोकणातल्या खडी पसरलेल्या वळणांवर हे लक्षात ठेवा.

‘एबीएस आहे’ या भरवशावर माणूस कसा बदलतो, हेही तपासलं गेलं आहे. १९८०च्या दशकात म्युनिकमध्ये टॅक्सींच्या एका ताफ्यातल्या काही गाड्यांना एबीएस होतं, काहींना नव्हतं. एबीएसवाल्यांचे अपघात अपेक्षेइतके कमी झाले नाहीत; त्यांचं चालवणंच जास्त बेधडक झालं होतं. मोटारसायकलींचं चित्र मात्र वेगळं आहे. अमेरिकेतल्या विमा उद्योगाच्या संशोधन संस्थेला एबीएस असलेल्या मोटारसायकलींच्या प्राणघातक अपघातांचं प्रमाण एक-पंचमांशाहून अधिक कमी आढळलं. दुचाकी घेताना एबीएसच्या पैशांवर घासाघीस करू नका, असं मी म्हणूनच आग्रहाने सांगतो.

खरेदी करताना एक गफलत हमखास होते. १२५ सीसीपर्यंतच्या बऱ्याच स्कूटरना कॉम्बी ब्रेक असतो. एक दांडी दाबली की दोन्ही चाकांना ब्रेक लागतो, एवढंच. ते एबीएस नव्हे, चाक जाम होऊ शकतं. सिंगल चॅनेल एबीएस बहुधा फक्त पुढचं चाक सांभाळतं. मागचं घसरू शकतं. दोन्ही चाकांना हवं असेल तर ड्युअल चॅनेल घ्यावं. ‘पुढचा ब्रेक मारला की माणूस उलटतो’ या भीतीने काही जण फक्त मागचाच वापरतात. थांबताना भार पुढच्या चाकावर येतो, म्हणून खरी ताकद पुढच्याच ब्रेकमध्ये असते. गाडी सरळ असताना दोन्ही वापरा. वळणात गाडी कललेली असेल तर साध्या एबीएसवर विसंबू नका. वेग वळणाआधीच कमी करा.

घाट उतरताना न्यूट्रल करून पेट्रोल वाचवणाऱ्यांना एबीएस वाचवत नाही. सतत दाबून ब्रेक तापले की त्यांची पकडच कमी होते. खालच्या गिअरमध्ये उतरा. गोटा झालेल्या टायरलाही एबीएस पकड देत नाही.

डॅशबोर्डवरचा पिवळा एबीएसचा दिवा चावी फिरवल्यावर लागतो आणि कारमध्ये थोड्या वेळाने, दुचाकीवर गाडी पुढे सरकल्यावर विझतो. तो विझला नाही तर साधे ब्रेक बहुधा चालू असतात, एबीएस बंद असतं. अशी गाडी हळू चालवत गॅरेजला न्या. कधी सेन्सरवर बसलेला चिखलही कारण असतो. लाल ब्रेकचा दिवाही सोबत लागला असेल, तर गाडी बाजूला घेऊन तिथेच थांबवा.