संस्थेची कंपनी झाली, तर राखीव निधी कुणाचा?

(पडेगाव येथील व्याख्यानाचे शब्दांकन)

मंडळी, आजचा विषय तुमच्यातल्याच काही जणांनी सुचवला. आमची संस्था सहकारात नोंदलेली आहे, तिची कंपनी करता येते का? या प्रश्नाचं उत्तर कायद्यात आहे, ते मी सांगतो. पण मी तत्त्वज्ञानाचा माणूस, मला त्याच्या पोटातला दुसरा प्रश्न जास्त छळतो. नोंदणी बदलली तर संस्था तीच राहते का? आणि तीच राहिली, तर तिच्या पोटात इतक्या वर्षांत जे साठलं ते कुणाचं?

आधी कायदा. आपल्याकडच्या संस्था १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाखाली नोंदल्या जातात. त्यातलं कलम १७ रूपांतराबद्दल बोलतं खरं, पण ते एका प्रकारच्या सहकारी संस्थेचं दुसऱ्या प्रकारच्या सहकारी संस्थेत. म्हणजे घरातल्या घरात खोली बदलायची. कंपनी व्हायचं तर दार कंपनी कायद्याच्या बाजूनं उघडावं लागतं. ते उघडलं २००२ च्या दुरुस्तीनं. अर्थतज्ज्ञ योगिंदर अलघ यांच्या समितीच्या शिफारशींवरून 'उत्पादक कंपनी' हा नवा प्रकार आला आणि फेब्रुवारी २००३ पासून लागू झाला. आज त्याच तरतुदी २०१३ च्या कंपनी कायद्यात, कलम ३७८ए पासून पुढच्या कलमांत बसवलेल्या आहेत.

पण ते दार सगळ्यांना नाही. ज्या उत्पादकांच्या संस्थेचं काम स्वतः किंवा आपल्या संघामार्फत राज्याबाहेर गेलेलं आहे, तिलाच थेट रूपांतर मागता येतं. दूध इथंच गोळा करून इथंच घालणाऱ्या संस्थेला नाही. मग लोक काय करतात? त्याच गावातले दहा किंवा जास्त उत्पादक मिळून नवी कंपनी काढतात, आणि जुनी संस्था एकतर नावापुरती चालू राहते, नाहीतर अवसायनात जाते. याला रूपांतर म्हणू नका. तो दुसरा जन्म आहे, आणि दुसऱ्या जन्मात पहिल्याची इस्टेट आपोआप येत नसते.

इथं मला नागसेन आठवतो. आपल्या शहरात मिलिंद महाविद्यालय आहे, परिसराचं नाव नागसेनवन. राजा मिलिंद आणि भिक्खू नागसेन यांचा रथाचा संवाद तुम्ही ऐकला असेल. दांडी म्हणजे रथ का? नाही. आस म्हणजे रथ का? नाही. चाकं? नाही. मग रथ कुठंय? सुटे भाग म्हणजे रथ नव्हे, ते एकत्र आले की आपण त्यांना रथ हे नाव देतो. कंपनी कायद्यानं या कोड्याचं आपल्यापुरतं उत्तर देऊन टाकलंय. नोंदणी झाली की संस्थेची सगळी मालमत्ता, येणी, देणी कंपनीत येतात, कर्मचारी येतात, जुना निबंधक आपल्या नोंदवहीतून नाव काढून टाकतो. सभासद भागधारक होतो, किती रकमेचा? त्याच्या भागांच्या दर्शनी किमतीइतका. हे शब्द नीट ऐका, कारण खरी गोम इथंच आहे.

एक हिशोब मांडू, आकडे कल्पित. समजा राज्याबाहेर माल पाठवणारी एक संस्था आहे. ३०० सभासद, प्रत्येकाचे हजार रुपयांचे भाग. भागभांडवल झालं तीन लाख. पण नफ्यातला किमान चौथा हिस्सा राखीव निधीत टाकत टाकत चाळीस वर्षांत तिथं साठ लाख जमले. मधल्या काळात किती सभासद वारले, किती जणांनी राजीनामा दिला. जाताना त्यांना भागाचे पैसे मिळाले, साठ लाखांतलं काही नाही. त्यांना तक्रारही नव्हती, कारण तो निधी वाटायचा नसतोच, हे ठरलेलं होतं. सहकार कायद्याचं कलम ११० बघा. संस्था बंद पडली, देणी भागवली, भागाचे पैसे परत दिले, तरी उरलेली शिल्लक सभासदांनी वाटून घ्यायची नाही. उपविधीत उद्देश लिहिला असेल तर त्यासाठी, नाहीतर निबंधकानं ती सांभाळून त्याच भागातल्या, तशाच कामाच्या नव्या संस्थेच्या राखीव निधीत द्यायची. गायरानासारखं आहे हे. सगळ्यांची जनावरं चरतात, विकायला कुणाचंच नाही.

आता हीच संस्था कंपनी झाली. साठ लाख कंपनीत आले. उत्पादक कंपनीला सर्वसाधारण राखीव निधीतून बोनस भाग देता येतात, संचालकांनी शिफारस केली आणि सभेनं ठराव केला की झालं. भाग कुणाला? त्या दिवशी जे भागधारक असतील त्यांना, भागांच्या प्रमाणात. गायरानाचा सातबारा झाला, आणि त्यावर नावं लागली ती त्या दिवशी हजर असलेल्यांची. कायदा मोडला का? अजिबात नाही. म्हणूनच तर बोलावं लागतं.

कंपनी नकोच, असं माझं म्हणणं नाही. निबंधकाची ढवळाढवळ, मंडळ बरखास्त होऊन प्रशासक बसणं, यानं लोक खरोखर कंटाळलेत, आणि त्यांचं चुकतं असं मला वाटत नाही. शिवाय या कंपनीत व्यक्ती-सभासदाला भाग कितीही असोत, मत एकच. बाहेरचा धनको भाग घेऊन आत शिरू शकत नाही. नाशिक जिल्ह्यातल्या मोहाडीच्या सह्याद्री फार्म्सला २०२२ मध्ये युरोपातल्या गुंतवणूकदारांकडून ३१० कोटी आले, ते शेतकऱ्यांच्या मूळ उत्पादक कंपनीत नव्हे, तिच्या उपकंपनीत. कुंपण कुठं घालायचं हे आधी ठरवलं, तर जमतं ते असं.

ते ठरवायची वेळ एकच, रूपांतराच्या ठरावाची. या ठरावाला एकूण सभासदांपैकी दोन तृतीयांश लागतात, हजर असलेल्यांपैकी नव्हे. तीनशेतले दोनशे! आपल्या वार्षिक सभेला चहा-नाश्ता ठेवूनही नव्वद माणसं येत नाहीत. घरोघर फिरावं लागणार. ते फिरणं त्रासाचं समजू नका. प्रत्येक दारात विचारता येतं, की जुना निधी बोनसला लावायचा नाही, असं कंपनीच्या नियमावलीत लिहायचं का? लिहिलं की तेही नंतर विशेष ठरावाशिवाय पुसता येत नाही.

मघाशी एका ताईंनी विचारलं, जमलं नाही तर परत सहकारात येता येतं का? येतं. हजर राहून मतदान करणाऱ्यांपैकी दोन तृतीयांशांचा ठराव करून कंपनी न्यायाधिकरणाकडे अर्ज करायचा. म्हणजे जाताना जेवढी माणसं लागतात त्यापेक्षा परतताना कमी. पण मधल्या काळात बोनस भाग वाटले गेले असतील, तर परत येईल ती संस्था. निधी तोवर लोकांच्या नावावरचं भांडवल झालेला असेल.