लामतुरे संग्रहातील मृण्मय मूर्ती आणि खेळणी

लामतुरे संग्रह हा धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्यातील तेर या गावी जमविला गेलेला पुरावस्तूंचा संग्रह आहे. तेरचे रहिवासी रामलिंगप्पा लामतुरे यांनी तो स्वतःच्या आवडीतून उभा केला. पुढे तो राज्य शासनाकडे आला आणि आज गावातील, त्यांचेच नाव दिलेल्या शासकीय संग्रहालयात पाहावयास मिळतो. संग्रहात मणी, नाणी, मृद्भांडी व हस्तिदंती वस्तू आहेत. तथापि त्याची खरी ओळख म्हणजे तळहातावर मावतील अशा मातीच्या मूर्ती व खेळणी होत.

पार्श्वभूमी

तेर हे तेरणा नदीच्या काठी वसले आहे. सातवाहनकाळात 'तगर' या नावाने ते मोठी बाजारपेठ होते. इ.स.च्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवृत्तात पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर असल्याचा आणि तेथून भडोचकडे गाड्यांतून कापड जात असल्याचा उल्लेख आहे. हे तगर नेमके कोणते, याविषयी दीर्घकाळ वाद होता. दौलताबाद, जुन्नर अशी नावे पुढे केली जात. १९०१ मध्ये जे. एफ. फ्लीट यांनी तगर म्हणजेच तेर असे प्रतिपादन केले व ते सर्वमान्य झाले.

जुन्या वस्तीचे अवशेष साचून तयार झालेल्या टेकाडांना मराठीत 'पांढरी' म्हणतात. मराठवाड्यात धाब्याच्या घरांसाठी पांढरीची माती खणून नेण्याची पद्धत होती. शिवाय पावसाने टेकाडांची धूप झाली की मणी, खापरे, मूर्तींचे तुकडे आपोआप वर येत. मातीबरोबर भिंतीत किंवा छपरावर गेलेला तुकडा कायमचा नष्ट होई. त्या काळी हा भाग हैदराबाद संस्थानात होता. एका गावकऱ्याने या क्षुल्लक वाटणाऱ्या वस्तू वेचून जपल्या, हे लामतुरे संग्रहाचे पहिले महत्त्व.

घडण

यातील उत्तम मूर्ती केओलिन या पांढुरक्या मातीच्या आहेत. त्या दुहेरी साच्यात घडविल्या जात. पुढच्या व मागच्या बाजूचे दोन साचे असत. प्रत्येकात मातीचा पातळ थर दाबून बसवायचा, दोन्ही अर्धे एकमेकांना जोडायचे आणि मग भाजायचे. त्यामुळे मूर्ती आतून पोकळ व हलकी होते आणि बाजूने पाहिल्यास सांध्याची रेघ बहुधा ओळखू येते. माती बारीक असल्याने केशरचना, कर्णभूषणे, कंबरपट्टा यांचे तपशील स्पष्ट उठतात. नेवासे, पैठण, भोकरदन येथेही याच धाटणीच्या मूर्ती सापडल्या आहेत.

एका साच्यातून कितीतरी नग निघत, म्हणजे ही राजदरबारची नव्हे, बाजारातली वस्तू होती. आज शाळकरी मुले फळांच्या, मोटारींच्या किंवा जुन्या व्हिडिओ गेममधील चिन्हांच्या आकाराचे खोडरबर डबीत जमवितात; साच्यातून निघालेली, एकसारखी, हाताळायला गंमतीची अशी त्यांची जात या मूर्तींहून फार निराळी नाही. अशा वस्तू कोणी मुद्दाम राखून ठेवत नाही, म्हणूनच त्या पुढे दुर्मीळ होतात.

मात्र सगळ्याच मूर्तींना खेळणी म्हणता येत नाही. लज्जागौरीच्या प्रतिमा उघडच पूजेशी संबंधित आहेत. स्त्रीमूर्ती व प्राण्यांच्या बाबतीत देव कोणता आणि बाहुली कोणती, हे केवळ आकारावरून ठरविणे कठीण आहे. रोमन नाण्यांच्या ठशांची नक्कल केलेली मातीची पदके तेरला मिळाली आहेत. ती बहुधा दागिन्यासारखी वापरली जात.

अभ्यास आणि मर्यादा

ब्रिटिश म्युझियमचे डग्लस बॅरेट यांनी १९६० मध्ये तेरवर पुस्तिका प्रसिद्ध केली आणि हा संग्रह गावाबाहेरच्या अभ्यासकांपर्यंत पोहोचला. त्याच सुमारास मोतीचंद्र यांनी तेर येथील हस्तिदंती स्त्रीमूर्तीवर लेख लिहिला. या मूर्तीची तुलना इटलीतील पाँपेई येथे १९३८ मध्ये सापडलेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी केली जाते. पाँपेई इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. त्यामुळे तेथील मूर्ती त्याआधीची, हे निश्चित होते.

तेरच्या वेचलेल्या वस्तूंना असा आधार नाही. कोणती मूर्ती कोणत्या टेकाडावर, किती खोलीवर, कशाच्या शेजारी होती, हे वस्तू उचलताच पुसले जाते आणि नंतर कोणत्याही उपायाने परत मिळत नाही. संग्रहाची ही सर्वांत मोठी उणीव आहे, आणि ती लामतुरे यांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. ते नसते तर वस्तूही उरल्या नसत्या. १९५८ मध्ये चापेकर यांनी तेर येथे केलेल्या उत्खननाचा अहवाल १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला. थरांतून मिळालेल्या वस्तूंशी ताडून पाहिल्यावरच संग्रहातील मूर्तींचा काळ अधिक भरवशाने सांगता येतो.

असा संग्रह आज त्याच रीतीने करता येणार नाही. जमिनीत सापडलेल्या मौल्यवान वस्तूची माहिती जिल्हाधिकाऱ्यांना देण्याचे बंधन १८७८ च्या निखात निधी कायद्याने घातले आहे. १९७२ चा पुरावशेषविषयक कायदा १९७६ पासून लागू झाला; त्यानुसार ठरावीक प्रकारच्या पुरावस्तूंची नोंदणी करावी लागते आणि खासगी व्यक्तीला त्या देशाबाहेर पाठविता येत नाहीत. तेरच्या शेतांत मात्र पावसाळ्यानंतर खापरे आणि मणी अजूनही वर येतात.