सिम्बा, जरा थांब!

क्लासिक अॅनिमेशनपट म्हणजे चिल्ल्यापिल्ल्यांसाठी एकदम सेफ, असं समजून रिमोट हातात घेताय? मग आधी हे वाचा.

एक छोटीशी क्विझ. सिनेमा ओळखा.

एक : भाऊ सख्ख्या भावाला कड्यावरून खाली फेकतो आणि त्याचं खापर मेलेल्याच्या छोट्या मुलावर फोडतो. दोन : बंदुकीचा आवाज येतो आणि पोराची आई पुन्हा कधीच दिसत नाही. तीन : सिनेमा सुरू होऊन पाच मिनिटं होतायत तोवर बायको आणि चारशेहून जास्त अंडी खलास. चार : उनाड मुलांना जत्रेला नेऊन त्यांची गाढवं करतात आणि ती गाढवं विकून टाकतात.

उत्तरं : लायन किंग (१९९४), बॅम्बी (१९४२), फाइंडिंग नीमो (२००३) आणि पिनोकिओ (१९४०).

चारही सिनेमे कुठल्याही 'बेस्ट ऑफ' यादीत हमखास सापडतात, आणि ते तिथे असायलाच हवेत. प्रश्न एवढाच, की घरातल्या साडेतीन वर्षांच्या लाडोबासाठी ते याच वीकेण्डला लावायचे का?

२०१४ साली 'बीएमजे' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकाच्या ख्रिसमस अंकात एक मजेशीर पण डोळे उघडणारा अभ्यास आला होता. १९३७ ते २०१३ या काळातल्या ४५ गाजलेल्या अॅनिमेशनपटांची तुलना मोठ्यांच्या ९० सिनेमांशी केली गेली. एखादं महत्त्वाचं पात्र पडद्यावर मरण्याचं प्रमाण मोठ्यांच्या सिनेमांत निम्मं, तर मुलांच्या सिनेमांत दोनतृतीयांश! आणि नायक-नायिकेच्या आई-बाबांचा जीव जाण्याची शक्यता मोठ्यांच्या सिनेमांपेक्षा पाचपट. म्हणजे आपण ज्याला 'कार्टून लावून दिलंय' म्हणतो, त्यात आई-बाबा असणं हा चांगलाच धोक्याचा जॉब आहे.

नॉस्टॅल्जियाचं गणित

आपण यादी करायला बसतो, तेव्हा ती मुलाची नसतेच. ती आपली असते. १९९३ साली दूरदर्शनवर लागणारी मोगलीची जपानी मालिका, तिचं गुलजारांनी लिहिलेलं टायटल साँग, शेरखानला नाना पाटेकरांचा आवाज... नुसतं आठवलं तरी छान वाटतं. मग वाटतं, आपल्या पिल्लालाही हे सगळं लगेच दाखवूया.

पण जरा हिशेब करा. आपल्याला जे लख्ख आठवतं ते साधारण सातव्या-आठव्या वर्षीचं असतं. मुफासा पडला तेव्हा आपल्याला कळत होतं, की पुढे काहीतरी होणार आणि सिम्बा मोठा होऊन परत येणार. शेजारी चुलत-मामे भावंडांची गँग होती. तीन वर्षांच्या मुलाकडे यातलं काहीच नसतं. त्याच्यासाठी गोष्ट म्हणजे आत्ता समोर दिसतंय तेवढंच. आणि आत्ता समोर एक पिल्लू आपल्या न उठणाऱ्या बाबाला उठवतंय.

सर्टिफिकेट बघून ठरवू म्हणाल, तर तेही पूर्ण खरं नाही. १९३८ साली ब्रिटनच्या सेन्सॉरने डिस्नेच्या 'स्नो व्हाइट'ला 'ए' दर्जा दिला होता; तेव्हाच्या नियमाने मुलांना मोठ्यांसोबतच बसावं लागायचं. आपल्याकडे २०१६ च्या 'जंगल बुक'ला यूए मिळालं, तेव्हा लोक हसले होते. २०२४ पासून आपल्याकडे यूएचे ७+, १३+ आणि १६+ असे तीन भाग झालेत. पण 'यू'च्या आत तीन वर्षांचं मूल वेगळं आणि सहा वर्षांचं वेगळं, हे कुठलंच सर्टिफिकेट सांगत नाही. ते काम आपलंच. त्यासाठी चार साध्या कसोट्या.

कसोटी पहिली : घड्याळ

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास स्क्रीन, असं सांगितलं. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्लाही दोन ते पाच वर्षांसाठी हाच आहे. दोनच्या आत तर स्क्रीन नकोच. आता बघा : डम्बो ६४ मिनिटं, बॅम्बी ७०, जंगल बुक ७८, लायन किंग ८८ आणि नीमो चक्क १००. म्हणजे जवळजवळ कुठलाच सिनेमा एका बैठकीत बसत नाही. काही हरकत नाही, इंटरव्हल आपल्या रक्तातच आहे! अर्धा आज, अर्धा उद्या. फक्त तोडायचं ते हॅपी जागेवर. पिल्लू हरवलेलं असताना टीव्ही बंद केला, तर रात्रभर ते पिल्लू हरवलेलंच राहतं.

कसोटी दुसरी : भीती कशी दिसते?

लहान मुलं आणि टीव्हीची भीती यावर अमेरिकेतल्या जोअॅन कॅण्टर यांनी अनेक वर्षं संशोधन केलं. त्यातला निष्कर्ष कामाचा आहे. शाळेआधीच्या वयातली मुलं जे भयानक दिसतं त्याला घाबरतात. ते खरं की खोटं, हा हिशेब पुढे येतो. त्यामुळे स्नो व्हाइटच्या राणीची म्हातारी होते तो सीन, जंगलातली हात पसरणारी झाडं, पिनोकिओतला देवमासा, 'टॉय स्टोरी'तलं (१९९५) बाहुलीचं डोकं आणि कोळ्याचे पाय असलेलं खेळणं, हे सगळं आपल्याला क्यूट वाटलं तरी त्यांना नाही.

आणखी एक. 'अरे, खोटं असतं ते!' हे वाक्य या वयात फारसं चालत नाही. मांडी चालते, गोधडी चालते, हातातला टेडी चालतो. समजूत काढण्याआधी जवळ घ्या.

कसोटी तिसरी : आई-बाबा कुठे आहेत?

ही खरी कसोटी, आणि आपण नेमकी हीच विसरतो. दोघंही नोकरी करणाऱ्या घरातलं मूल रोज सकाळी पाळणाघराच्या दारात आईचा हात सोडतं. संध्याकाळी ती येतेच, हा विश्वास त्याने हळूहळू, थोडं रडून, कमावलेला असतो. अशा मुलाला 'आई गेली आणि आलीच नाही' ही गोष्ट पहिल्याच सिनेमात कशाला? 'बॅम्बी'त तर आई गेल्यावर पुढच्याच सीनला वसंत ऋतू येतो आणि पाखरं गाऊ लागतात. आपण पुढे सरकतो. मूल मात्र शेवटपर्यंत विचारत राहतं, 'पण त्याची आई कुठाय?'

याचा अर्थ दुःख दाखवूच नये, असा नाही. ताटातूट परत भेटीत संपत असेल, तर ती गोष्ट मुलांना फार आवडते. पुन्हापुन्हा बघायला मागतात. 'डम्बो'त आईला कोंडून ठेवतात आणि ती गजांतून सोंड बाहेर काढून पिल्लाला जोजवते. डोळ्यांत पाणी येणारच. पण शेवटी दोघं एकत्र येतात. हा फरक बघून निवडा.

आणि घरात नुकतंच कुणी गेलं असेल, आजी-आजोबांपैकी कुणी हॉस्पिटलमध्ये असेल, तर 'मन रमेल' म्हणून घाईत काहीही लावू नका. आधी आठवून बघा, त्या सिनेमात कोण जातं.

कसोटी चौथी : वेग

२०११ साली 'पीडिअॅट्रिक्स'मध्ये आलेल्या एका प्रयोगात चार वर्षांच्या ६० मुलांचे तीन गट केले. एकाने नऊ मिनिटं धडाधड पळणारं कार्टून पाहिलं, दुसऱ्याने संथ, तिसऱ्याने चित्रं काढली. लगेच नंतर लक्ष देणं, थांबणं, सूचना पाळणं अशा चाचण्यांत पहिला गट मागे पडला. हा परिणाम लगेचचा होता, तो किती टिकतो ते त्यात तपासलेलं नव्हतं. तरी जुन्या सिनेमांचा मोठा प्लस पॉइंट इथेच आहे. त्यांत पाऊस पडतो तेव्हा नुसता पाऊसच पडतो. मुलाला बघायला वेळ मिळतो, आणि आपल्याला बोलायला.

मग लावायचं काय?

तिसऱ्या वर्षी : छोट्या फिल्म्स. फीचर फिल्मची घाई नको. डिस्नेची 'फर्डिनांड द बुल' (१९३८) आठेक मिनिटांची. बैलाला झुंज नको असते, फुलांचा वास घेत बसायचं असतं. 'अग्ली डकलिंग' (१९३९) तर आपल्या घरचीच. गदिमांच्या गाण्यातलं ते वेडं, कुरूप पिल्लू मुलांच्या आधीच ओळखीचं असतं. दोन्हींना ऑस्कर आहे. आणि आपली 'एक अनेक और एकता' (१९७४) विसरू नका. विजया मुळे यांचं दिग्दर्शन, भीमसेन यांचं अॅनिमेशन आणि जेमतेम सात मिनिटं. पक्षी जाळं घेऊन उडाले, की पोरं टाळ्या पिटतात.

साडेतीन-चार : पू आणि टोटोरो. 'मेनी अॅडव्हेंचर्स ऑफ विनी द पू' (१९७७) हा मुळात तीन छोट्या फिल्म्स जोडून केलेला सिनेमा, त्यामुळे तुकड्यांत बघायला बेस्ट. स्वप्नातल्या विचित्र हत्तींचं गाणं तेवढं जवळ घेऊन बघा. शेवटी ख्रिस्तोफर रॉबिन शाळेत जायला निघतो. ज्युनिअर केजीच्या आधी बघायला याहून छान गोष्ट नाही.

एकच सिनेमा निवडायचा असेल तर हायाओ मियाझाकींचा 'माय नेबर टोटोरो' (१९८८). यात व्हिलनच नाही! दोन बहिणी, गावातलं जुनं घर, मोठ्ठा केसाळ टोटोरो आणि बारा पायांची मांजर-बस. आई हॉस्पिटलमध्ये आहे, धाकटी शेवटाकडे हरवते, म्हणजे काळजी आहेच. पण बाबा सोबत आहेत, शेजारची आजी आहे, सगळं गाव शोधायला निघतं. भीतीच्या वेळी माणसं जवळ असतात, हे मुलाला न सांगता कळतं. एक सावधगिरी : याच स्टुडिओ जिब्लीचा 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज' तेव्हा जपानमध्ये याच्याच जोडीने रिलीज झाला होता. तो युद्धात अनाथ झालेल्या दोन भावंडांचा आहे. 'जिब्ली आहे ना' म्हणून चुकूनही लावू नका.

साडेचार-पाच : मोगली आणि डम्बो. डिस्नेचा 'जंगल बुक' (१९६७) हा वॉल्ट डिस्नेंनी स्वतः लक्ष घातलेला शेवटचा अॅनिमेशनपट; तो पडद्यावर यायच्या आधीच, डिसेंबर १९६६ मध्ये, ते गेले. गाणी धम्माल, बल्लू अस्वल तर सुट्टीवर आलेला मामाच! शेवटी बल्लू मेल्यासारखा पडतो, तेव्हा 'थांब हं, बघ आता' एवढंच म्हणा. कथेतलं सिवनी नागपूरपासून फार लांब नाही, तेव्हा पुढची ट्रिप पेंचची.

सहानंतर : बाकी सगळी मंडळी. नीमो, लायन किंग, आणखी थोडं थांबून बॅम्बी आणि पिनोकिओ. 'रामायण : द लिजंड ऑफ प्रिन्स रामा' हा भारत-जपानचा १९९०च्या दशकातला सिनेमाही इथेच. २०२५ च्या जानेवारीत तो नव्या प्रिंटसह आपल्या थिएटरांत आला होता. देखणा आहे, पण सव्वादोन तास आणि युद्ध भरपूर.

जुनं ते सगळंच सोनं नाही

'डम्बो'तले कावळे म्हणजे कृष्णवर्णीयांची टिंगल होती. 'लेडी अँड द ट्रॅम्प'मधल्या (१९५५) सयामी मांजरी आशियाई लोकांची. डिस्नेने २०२० मध्ये आपल्या ओटीटीवर अशा सिनेमांच्या सुरुवातीला तशी स्पष्ट सूचना घातली. चार वर्षांच्या मुलाला लेक्चर नको. पण कुणाच्या दिसण्यावर, बोलण्यावर हसायचं नसतं, हे एक वाक्य त्याला नक्की कळतं. डम्बोची सगळी गोष्ट मोठ्या कानांना हसण्याचीच तर आहे!

लावण्याआधी...

● आधी स्वतः बघा. निदान पहिली दहा आणि शेवटची वीस मिनिटं. गडबड बहुतेक तिथेच असते.

● मराठी डबिंग नसेल तर तुम्हीच करा. आवाज कमी आणि आई-बाबांची लाइव्ह कॉमेंट्री! डम्बो तर अख्ख्या सिनेमात एक शब्दही बोलत नाही.

● दुपारी बघा, झोपायच्या आधी नको.

● 'बंद कर' म्हटलं की लगेच बंद. 'थोडंच राहिलंय' नाही.

● तोच सिनेमा अकराव्यांदा मागितला? द्या. पुढे काय होणार ते माहीत असणं, यातच त्याची हिंमत वाढत असते.

● त्या वेळात ईमेल उरकायचा मोह होणारच. पण निदान पहिल्या वेळी लॅपटॉप बंद ठेवा. पडद्यावरचे आई-बाबा गायब झाले, तरी सोफ्यावरचे जागेवर हवेत.