हॅमस्टरचे अंथरूण : महाग, फुकट आणि योग्य

हौसेचा खर्च दोन प्रकारचा असतो. एक, वस्तू घरात येते त्या दिवशी करावयाचा. दुसरा, ती घरात आहे तोवर चालणारा. पहिल्याचा विचार सारेच करतात, दुसऱ्याचा फार थोडे. मुलांच्या हट्टाखातर घरी आणल्या जाणाऱ्या हॅमस्टर या चिमुकल्या प्राण्याच्या बाबतीत हा भेद विशेष जाणवतो. त्याच्या दाणापाण्याचा खर्च नगण्य. परंतु पिंजऱ्याच्या तळाशी पसरावयाचे अंथरूण मात्र सतत लागते. ते बाजारातून पाकीटबंद आणावे, की आपल्या कोकणात आजूबाजूला फुकट मिळते ते वापरावे? प्रश्न लहान आहे. पण महाग ते चांगले आणि निसर्गातले ते निर्धोक, या आपल्या दोन्ही लाडक्या समजुती त्यात कसोटीला लागतात.

मुळात या प्राण्याला अंथरूण लागते कशासाठी? जगभर पाळला जाणारा सोनेरी हॅमस्टर हा सीरिया आणि तुर्कस्तान यांच्या सीमेवरील कोरड्या प्रदेशाचा मूळ रहिवासी. १९३० साली इस्राएल अहारोनी या प्राणिशास्त्रज्ञाने अलेप्पोजवळच्या एका शेतात बीळ खणून एक मादी व तिची पिले मिळविली. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातील सॉल ॲडलर यांना काळ्या आजारावरील संशोधनासाठी ती हवी होती. आजच्या पाळीव सोनेरी हॅमस्टरांची वंशावळ बहुतांशी त्या एका बिळापाशी जाऊन पोचते. तेथील शेतांतली त्याची बिळे सरासरी सुमारे ६५ सेंटिमीटर खोल असल्याचे पुढे आढळून आले. तात्पर्य, अंथरूण ही या प्राण्याची गादी नव्हे. ती त्याची जमीन आहे. स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात १०, ४० आणि ८० सेंटिमीटर जाडीच्या थरांवर हॅमस्टर ठेवून पाहिले. १० सेंटिमीटरच्या थरावरील प्राणी पिंजऱ्याचे गज कुरतडण्यात इतरांपेक्षा पुष्कळच अधिक गुंतलेले दिसले. ज्याला आपण खोडकरपणा म्हणतो, ती बहुधा खणावयास जमीन नसल्याची तक्रार असते.

आता थोडे गणित करू. ८० सेंटिमीटर लांब व ५० सेंटिमीटर रुंद पेटीत २० सेंटिमीटरचा थर द्यावयाचा, तर ८० लिटर अंथरूण लागते. ४० सेंटिमीटरचा द्यावयाचा, तर १६० लिटर. ग्राहक मात्र पाकिटाचे वजन आणि त्यावरचे चित्र पाहून किंमत ठरवितो. दाबून भरलेला माल फुलविल्यावर किती लिटर होतो आणि लिटरमागे किती रुपये पडतात, हा खरा हिशेब. तो केल्यावर अनेकांची नजर साहजिकच फुकटाच्या मालाकडे वळते.

फुकटाचा हिशेब

असा माल आपल्याकडे विपुल आहे. भातगिरणीवर तूस मिळते, मळणीनंतर पेंढा उरतो, लाकडाच्या गिरणीवर भुसा साचतो, काथ्याच्या कारखान्याबाहेर नारळाच्या सोडणाच्या भुशाचे ढीग असतात, आणि बागेत तर पातेरा पडलेलाच असतो. परंतु तूस टोकदार व धुळकट असून ओल फारशी शोषीत नाही. पेंढ्याची कडक टोके हॅमस्टरच्या गालांतील नाजूक पिशव्यांना इजा करू शकतात. गिरणीतला भुसा कोणकोणत्या लाकडांचा, त्यात प्लायवूडचा चुरा किती, हे सांगणे कठीण. आणि त्याची बारीक धूळ श्वासाबरोबर आत जाते. काथ्याचा धागा पायांत गुंततो; त्याचा भुसा पाणी धरून ठेवतो. हा त्याचा गुण रोपवाटिकेत मोलाचा. पण आपल्या पावसाळ्यात, जेव्हा कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते, तेव्हा तोच दोष ठरतो.

याहून गंभीर गोष्ट रोगांची. गोठ्यात पातेरा आंथरण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. पण १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात प्रथम ओळखला गेलेला माकडताप २०१६ साली आपल्या दोडामार्ग तालुक्यात आला. तो गोचिडींमार्फत पसरतो. शिमोग्याच्या २०११-१२ मधील साथीच्या अभ्यासात घराजवळ सुक्या पाल्याचे ढीग असणे हे एक जोखमीचे कारण म्हणून पुढे आले. तसेच लेप्टोचे. उंदरांच्या मुतातून पसरणारा हा ताप पावसाळ्यात सिंधुदुर्गाला नवा नाही. आणि त्याच्या जंतूंना सोनेरी हॅमस्टर इतका सहज बळी पडतो की प्रयोगशाळांत या रोगाच्या अभ्यासासाठी तोच वापरतात. माळ्यावर उंदीर फिरलेला पेंढा फुकट मिळाला, म्हणून तो स्वस्त ठरत नाही. त्याची किंमत पैशांत द्यावी लागत नाही, एवढेच. आणि ती केवळ प्राण्यालाच द्यावी लागेल असेही नाही, पिंजरा साफ करणाऱ्या मुलालाही ती भरावी लागेल.

महागाईची हमी

म्हणून महाग माल निर्धोक मानावा काय? तसेही नाही. मऊ कापसासारखे, दिसावयास लोभस अंथरूण विकले जाते. त्याचे तंतू पायांना करकचून बसतात, पोटात गेले तर आतडी अडवितात. सुगंधी अंथरुणाचा वास आपल्या सुखासाठी असतो. सीडारच्या सुवासिक ढलप्यांविषयी तर १९६७ सालीच एल्लियट व्हेसेल यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवून दिले, की त्यांवर ठेवलेल्या उंदरांच्या यकृतातील औषध पचविणारी द्रव्ये वाढतात आणि गुंगीच्या औषधाने येणारी त्यांची झोप आखूड होते. नुसत्या अंथरुणाने यकृताचे काम बदलते, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

मग योग्य काय? कोरडे, धूळरहित, वासरहित, ओल शोषणारे आणि कोठून आले ते ठाऊक असलेले. या साऱ्या अटी बऱ्याच अंशी पुरी करणारी वस्तू शिक्षक आणि कारकून यांच्या रोजच्या हाताखालची आहे : कोरा कागद. साधा, न चकाकणारा, शाई न लागलेला कागद टाचण्या व स्टेपलच्या तारा काढून आखूड फाडावा. घरट्यासाठी बिनवासाचा टिश्यू कागद द्यावा. कागदात बोगदे टिकत नाहीत, म्हणून मधूनमधून पुठ्ठ्याच्या नळ्या पुराव्यात. वृत्तपत्राचा कागद, प्रस्तुत लेख ज्यावर छापला आहे तोही, टाळलेला बरा. शाई केसांना लागते आणि प्राणी ते चाटतो. शक्य असेल तेव्हा कागदी लगद्याच्या तयार अंथरुणाचे मोठे पाकीट दोघातिघांनी मिळून घ्यावे. मुताचा कोपरा रोज काढावा, म्हणजे अमोनियाची वाफ साचत नाही. पण सगळे अंथरूण एकदम बदलू नये, कारण स्वतःचा वास नाहीसा झाला की हॅमस्टर बावरतो. जून ते सप्टेंबरचा साठा घट्ट झाकणाच्या डब्यात आधीच भरून ठेवावा.

पाळीव प्राण्यांच्या दुकानांनी राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी, असे २०१८ चे नियम सांगतात. पण दुकानाची नोंदणी झाली, म्हणून ग्राहकाची जबाबदारी संपत नाही. प्राण्याची किंमत विचारताना त्याच्या दोन-तीन वर्षांच्या आयुष्याला किती लिटर जमीन लागेल, हेही विचारावे. तेवढी देण्याची ऐपत किंवा तयारी नसेल, तर प्राणी न आणणे हीच खरी काटकसर. मुलांना ‘नाही’ म्हणणे कठीण असते; परंतु ज्याला तक्रार करता येत नाही त्याच्या गरजेचा हिशेब आधी मांडावा, हा धडा त्यांना घरात जितका पटेल तितका कोणत्याही वर्गात पटावयाचा नाही.