टीना ब्रुक्सच्या राहिलेल्या रेकॉर्डी

नावावरून बाई वाटेल, पण टीना ब्रुक्स हा पुरुष होता. तो टेनर सॅक्सोफोन वाजवायचा. १९५८ ते १९६१ या काळात त्याने ब्लू नोट कंपनीसाठी स्वतःच्या नावाने चार रेकॉर्डी केल्या. त्यातली ‘ट्रू ब्लू’ ही एकच त्याच्या हयातीत बाजारात आली. ‘बॅक टु द ट्रॅक्स’ला तर ४०५२ हा क्रमांकही मिळाला होता, कव्हर तयार होते, तरीही ती निघाली नाही. १९७४ मध्ये, बेचाळिसाव्या वर्षी, टीना गेला. त्यानंतर अकरा वर्षांनी, १९८५ मध्ये, मोझेक नावाच्या एका छोट्या लेबलने त्या चारही रेकॉर्डी एका खोक्यात घालून लोकांसमोर ठेवल्या. मी जॅझचे रिइश्यू, म्हणजे पुन्हा काढलेल्या जुन्या रेकॉर्डी, का गोळा करतो, असे कुणी विचारले की मी ही हकिगत सांगतो. त्यापलीकडे दुसरे कारण माझ्याकडे नाही.

मी वाढलो पुण्यात, पण गेली बरीच वर्षे न्यू जर्सीत राहतो. ज्या रेकॉर्डींसाठी जगभरातले लोक जीव टाकतात, त्यातल्या शेकडो याच राज्यात मुद्रित झाल्या. रुडी व्हॅन गेल्डर दिवसा लोकांचे डोळे तपासून चष्मे द्यायचा आणि हॅकेनसॅकमधल्या आईवडिलांच्या घराच्या दिवाणखान्यात ध्वनिमुद्रण करायचा. १९५९ मध्ये त्याने एंगलवुड क्लिफ्सला उंच छताचा स्वतःचा स्टुडिओ बांधला. टीनाची पहिली रेकॉर्ड त्या दिवाणखान्यातली आहे आणि पुढच्या तीन नव्या स्टुडिओतल्या. एकामागोमाग एक ऐकल्या तर दोन जागांचा फरक कानाला कळतो.

ब्लू नोट आज मोठ्या कंपनीचा भाग आहे, पण मुळात ते अगदी छोटे लेबल होते. बर्लिनहून आलेल्या आल्फ्रेड लायनने डिसेंबर १९३८ मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये अल्बर्ट अ‍ॅमन्स आणि मीड लक्स लुइस यांचा पियानो ऐकला आणि दोनच आठवड्यांत, ६ जानेवारी १९३९ रोजी, दोघांना स्टुडिओत बसवले. पुढे त्याचा बर्लिनचाच मित्र फ्रान्सिस वुल्फ येऊन मिळाला. वुल्फ हिशेब बघायचा आणि वादन चालू असताना फोटो काढायचा. रीड माइल्सने त्या फोटोंवर बेतलेली कव्हरे आजही डिझाइनच्या विद्यार्थ्यांना दाखवतात.

लायनची एक गोष्ट मला सगळ्यांत मोठी वाटते. तो वादकांना तालमीचे पैसे द्यायचा. त्या काळी बहुतेक लेबले वादकांना थेट स्टुडिओत उभे करत आणि जे हाती लागेल ते विकत. लायन रेकॉर्डिंगच्या आधी पैसे मोजून तालीम घ्यायचा. म्हणूनच त्याच्या रेकॉर्डींमध्ये अवघड नव्या रचनासुद्धा अंगवळणी पडल्यासारख्या वाजतात. पियानोवादक थेलोनियस मंकच्या रेकॉर्डी खपत नव्हत्या, तरी १९४७ पासून पाच वर्षे तो मंकला ध्वनिमुद्रित करत राहिला.

असे लेबल बुडते कशाने? मंदीने तर बुडतेच, पण भरभराटीनेही बुडते. ट्रम्पेटवादक ली मॉर्गनची ‘द साइडवाइंडर’ १९६४ मध्ये अनपेक्षितपणे गाजली आणि बिलबोर्डच्या यादीत पंचविसाव्या क्रमांकापर्यंत गेली. छोट्या लेबलासाठी हे संकट असते. रेकॉर्ड छापणाऱ्या कारखान्याला पैसे आधी द्यावे लागतात, वितरक मात्र महिनोन्महिने थकवतात. वर पुढचा माल तसाच खपणारा असेल तर मागची बाकी चुकती करू, असा त्यांचा दबाव असतो. लायन थकला होता. १९६६ च्या सुमारास त्याने कंपनी लिबर्टी रेकॉर्ड्सला विकली आणि वर्षभरात कामातून बाहेर पडला. न निघालेल्या टेपा गोदामात गेल्या.

त्या टेपांपर्यंत संपादक मायकेल कस्कुना १९७५ मध्ये पोचला. कित्येक टेपांवर कोण काय वाजवतेय याची नीट नोंद नव्हती. त्याने टेपा ऐकल्या, कागदपत्रे धुंडाळली, वादकांना गाठून विचारले आणि नावे जुळवली. मग चार्ली लोरी या साथीदाराबरोबर त्याने मोझेक काढले. मोझेकचा पहिला संच १९८३ चा, मंकच्याच ब्लू नोट रेकॉर्डिंगचा. धंद्याची रीतही त्यांनी नीट विचार करून बसवली होती. मोठ्या कंपनीकडून ठरावीक प्रतींपुरता हक्क घ्यायचा, प्रत्येक खोक्यावर क्रमांक घालायचा आणि टपालाने थेट ग्राहकाला विकायचे. त्यामुळे वितरकाची उधारी नाही आणि दुकानातून परत येणारा मालही नाही. लायनला जे जाचले, ते त्यांनी मुळातच टाळले. कस्कुना २०२४ मध्ये गेला. जॅझच्या इतिहासाचे इतके काम केलेला दुसरा संपादक मला माहीत नाही.

माझ्या एका मित्राचे इथे असेच छोटे लेबल आहे. जुन्या, बाजारातून गेलेल्या रेकॉर्डी तो काहीशे प्रतींमध्ये काढतो. कारखान्यातून आधी चाचणीच्या चार-पाच तबकड्या येतात आणि त्या ऐकायला मी त्याच्याकडे जाऊन बसतो. दिवा, वही आणि घड्याळ घेऊन प्रत्येक बाजू पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायची. कुठे ‘टक्’ असा आवाज आला की वेळ लिहायची आणि दुसरी तबकडी तिथेच ऐकायची. आवाज एकाच तबकडीत असेल तर ती तेवढी खराब. सगळ्यांत त्याच ठिकाणी असेल तर दोष साच्यात, म्हणजे पुन्हा खर्च, पुन्हा काही आठवडे थांबणे. अशा वेळी मित्र कारखान्याला फोन करतो आणि काम थांबवतो. ऐकणाऱ्यांतल्या दहा जणांनाही तो आवाज कळला नसता, तरी तो थांबवतो. मला त्याचा फार अभिमान वाटतो.

घेणाऱ्यानेही तितकेच चोखंदळ असावे. जुनी ब्लू नोट हातात आली की मी ती दिव्याखाली तिरपी धरतो. शेवटची रेघ संपते तिथपासून मधल्या कागदापर्यंत गुळगुळीत पट्टा असतो. त्यात व्हॅन गेल्डरच्या नावाची आद्याक्षरे ठोकलेली दिसतात आणि शेजारी कानाच्या आकाराची बारीक खूण असते. ती खूण प्लॅस्टीलाइट कारखान्याची. ती असली तर प्रत १९६६ किंवा त्याआधी छापलेली, आणि ‘ट्रू ब्लू’ची तशी चांगली प्रत हजारो डॉलरला जाते. माझ्याकडे ती नाही. मूळ टेपवरून काळजीने केलेला रिइश्यू चाळीसेक डॉलरला मिळतो आणि त्यात तेच वादन ऐकू येते. संगीत ऐकायचे असेल तर तो घ्यावा, असेच मी सगळ्यांना सांगतो.

मात्र रिइश्यूच्या नावाखाली खूप भुसाही येतो. युरोपात १९६२ पर्यंत प्रसिद्ध झालेल्या रेकॉर्डिंगवरचा हक्क संपला आहे, त्यामुळे तिथे कुणीही सीडीवरून उतरवून तबकडी काढू शकतो. कायद्याला ते मान्य आहे, पण वादकाच्या घरच्यांना त्यातून काही मिळत नाही. म्हणून कव्हराची मागची बाजू वाचावी. मूळ टेप वापरली का, मास्टरिंग कुणी केले, वादकांची नावे आणि तारखा आहेत का, हे तिथे लिहिलेले नसेल तर मी ती रेकॉर्ड परत ठेवतो.

हे सगळे करताना मला मुंबई आठवते, ती वादकांच्या नावांमुळे. हळदोण्याचा अँटोनियो झेवियर वाझ, म्हणजेच चिक चॉकलेट, ताज हॉटेलात ट्रम्पेट वाजवायचा आणि सी. रामचंद्रांच्या गाण्यांतही. शंकर-जयकिशनच्या १९६८ च्या ‘रागा जॅझ स्टाइल’ या रेकॉर्डवर रईस खाँच्या सतारीबरोबर मनोहारी सिंग आणि लेस्ली गोदिन्हो आहेत. नरेश फर्नांडिस यांच्या ‘ताज महाल फॉक्सट्रॉट’ या २०१२ च्या पुस्तकाबरोबर जुन्या मुद्रणांची सीडी आली, तेव्हा कितीतरी जणांनी तो मुंबईचा जॅझ पहिल्यांदाच ऐकला. मोझेकने मंकचे केले तसे, साऱ्या तबकड्या, तारखा आणि वादकांच्या नावांसह केलेले काम आपल्याकडच्या या संगीताच्या वाट्याला यायला हवे. आपल्या कायद्याप्रमाणे रेकॉर्डिंगवरचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षांनी संपतो. रचनेचा हक्क वेगळा, तो तपासावा लागतो. तरी १९४० आणि १९५० च्या दशकांतली ती मुद्रणे आज एखादे छोटे लेबलही हाती घेऊ शकेल.

त्यासाठी तबकड्या मात्र शिल्लक राहायला हव्यात. घरात कुणी आजोबा, काका बँडमध्ये किंवा स्टुडिओत वाजवत असतील, तर त्यांच्या तबकड्या भंगारात देऊ नका. तबकडीवरच्या कागदी लेबलाचा फोटो काढा, मधल्या पट्ट्यातला आकडा उतरवून घ्या आणि कोण काय वाजवायचे ते घरातल्या वडीलधाऱ्यांना आजच विचारून लिहून ठेवा. तबकड्या उभ्या ठेवा, एकावर एक रचू नका. आणि ७८ आरपीएमची तबकडी पुसायला स्पिरिट कधीही वापरू नका, त्याने तबकडीतली लाख विरघळते.