पेट्रोल : कार्डावर की रोखीने?

पंपावर दोन हजारांचे पेट्रोल भरून क्रेडिट कार्ड पुढे केले, तर साधारणतः एक टक्का इंधन अधिभार लागतो. म्हणजे २० रुपये आणि त्यावरील १८ टक्के जीएसटीचे ३ रुपये ६० पैसे. अनेक बँका अधिभार परत करतात. जीएसटी मात्र सहसा येत नाही. शिवाय ही माफी बऱ्याच कार्डांवर ४०० रुपयांपासून पुढे. स्कूटरमध्ये दोनशेचे पेट्रोल टाकणाऱ्याला तिचा उपयोग काय? नोटाबंदीनंतर, डिसेंबर २०१६ मध्ये सुरू झालेली ०.७५ टक्के सवलतही क्रेडिट कार्डांसाठी ऑक्टोबर २०१९ पासून बंद आहे. कार्डाचा खरा लाभ बिनव्याजी मुदतीचा. तोही पूर्ण बिल वेळेवर भरणाऱ्यालाच. थकबाकी ठेवणाऱ्याच्या नव्या पेट्रोलवर खरेदीच्या दिवसापासूनच व्याज चढते.